चढावर थांबायचं नाही

१ डिसेंबर २०२४, रविवार

सायकल घ्यायची. ठरलं म्हणजे ठरलं.

ही डायरी वैजनाथने दिली. वैजनाथ म्हणजे माझ्या गाडीवरचा कंडक्टर. वर्ष संपत आलं तरी हिची पानं कोरीच होती. म्हणाला, "राठोड, लॉगशीट भरता तसं रोजचं लिवत जा. डोकं हलकं व्हते." एकतीस वर्षं एसटी चालवली, पण किलोमीटर आणि डिझेल यापलीकडे काही लिहिलं नाही. बघू.

काल डेपोत तपासणीला डॉक्टर आले होते. रक्तदाब वाढलेला, पोट स्टेअरिंगला लागायला आलेलं. म्हणाले, "दिवसभर बसून दोनशे किलोमीटर फिरता, त्यातले दोन तरी पायांनी फिरा. चालत जा, नाहीतर सायकल घ्या." चालणं मला जमणार नाही. खाली चाक नसलं की आपण पुढे सरकतोय असं वाटतच नाही.

शिला हसून हसून बेजार झाली. "छप्पन्नाव्या वर्षी सायकल? मिनाच्या सासरी कळालं तं काय म्हनतील?" पोरीच्या सासरचे काय म्हणायचं ते म्हणोत. मला लहान पोरासारखा आनंद झाला आहे.

५ डिसेंबर, गुरुवार

सुट्टी. जीपने तांड्यावर जाऊन आलो, याडीकडे. आमच्यात आईला याडी म्हणतात. घरी आम्ही गोरमाटीच बोलतो, पण शाळा मराठीत झाली, त्यामुळे इथे सगळं मराठीत उतरवतो.

याडीचं वय अठ्ठ्याहत्तर. टेकडीवरच्या तांड्यात एकटी राहते. सेनगावला माझ्या घरी चल म्हणून मी अकरा वर्षं मागे लागलो आहे. दर वेळी काहीतरी कारण असतंच. शेळी व्याली, तूर काढायची आहे, गुडघा दुखतो. आज सहज बोलून गेलो की आता मी दर गुरुवारी सायकलवर येणार. तिने भाकरी थापता थापता मान वर केली.

"या चढावर? सायकल?"

"काहून? न्हाई जमणार का?"

"तूच म्हनत व्हता ना, भरली गाडी चढावर थांबवायची नसते म्हून. मंग तू बी नको थांबू. फाट्यापसून माह्या दारापर्यंत मधी पाय न टेकता ये. आलास तं मी येते तुह्या घरी राह्याला."

मी ताबडतोब हात पुढे केला. तिने पिठाच्या हाताने टाळी दिली. अकरा वर्षांत पहिल्यांदा ती हो म्हणाली आहे!

पण ते "तूच म्हनत व्हता" मला जरा लागलं. तो जुना विषय आहे. अकरा वर्षांपूर्वी माझी गाडी या टेकडीवरून जायची. चढाच्या मध्यावर बिब्याचं झाड आहे, तिथे हात दाखवला तर थांबायचं असा थांबा होता. एकदा याडी शेतातून डोक्यावर भारा घेऊन बायकांसोबत तिथे उभी होती. तिने हात केला. गाडी खच्चून भरलेली, साहेब तपासणीला बसलेले, चढ ऐन तोंडावर. मी थांबलो नाही. तिथे भरली गाडी उभी केली की पुन्हा उचलत नाही, हे डेपोतला झाडूवालाही सांगेल. याडीने त्यावर कधी एक शब्द काढला नाही, त्यामुळे तो विषय संपलेला आहे.

९ डिसेंबर, सोमवार

ड्यूटी संपल्यावर हिंगोलीत विश्वजीतच्या सायकलच्या दुकानात गेलो. त्याला कॉलेजला असताना मी चार वर्षं आणलं-सोडलं. मला बघताच काउंटरवरून उठून पाया पडला. वडिलांना म्हणाला, "बाबा, हेच ते राठोडकाका. मला उशीर झाला की माझ्यासाठी गाडी थांबवून ठेवायचे." त्याचे वडील बंडोपंत देवळातली पूजा आटोपून दुकानात बसलेले असतात. त्यांनी मला चहा पाजला आणि बजावलं, "पोराचं ऐकू नका, साधी काळी सायकल घ्या."

पण विश्वजीतने दोन सायकली बाहेर काढल्या आणि मी बंडोपंतांना विसरूनच गेलो.

एक रस्त्याची, म्हणजे शर्यतीवाले चालवतात ती. बोटाएवढे टायर, हँडल मेंढ्याच्या शिंगासारखं खाली वळलेलं. एका हाताने उचलली तर चक्क उचलली गेली. दुसरी डोंगराची. जाड टायर, पुढे शॉकअप, वजनाला भरपूर आणि गिअर इतके की मोजताना चुकलो. पहिलीला मी घोडी म्हणतो, दुसरीला बैल.

"चढाला कोणती?" मी विचारलं.

"काका, सगळे हेच विचारतात. हलकी घ्यावी तर गिअर जड, हलके गिअर घ्यावेत तर सायकल जड. तुम्ही दोन्ही नेऊन बघा. तुमच्याकडून ट्रायलचं काय घ्यायचं?"

दोन्ही सायकली बसच्या टपावर टाकून घरी आणल्या. शिला दारात उभी राहून म्हणाली, "एकीवर तुमी, दुसरीवर कोन?"

१२ डिसेंबर, गुरुवार

आज घोडी.

काय पळते! सेनगावपासून फाटा नऊ किलोमीटर, सपाट रस्ता. मोटरसायकलवाल्यांशी बोलत बोलत गेलो. इतका आनंद मला पहिल्यांदा लक्झरी गाडी हातात आली तेव्हाही झाला नव्हता.

फाट्यापासून चढ सुरू. तांडा अडीच किलोमीटर, तीन वळणं. पहिलं वळण छातीवर हात न ठेवता पार केलं. दुसऱ्या वळणाआधी सगळ्यात हलका गिअर टाकला आणि लक्षात आलं की हा सगळ्यात हलका गिअरसुद्धा हलका नाही. बसच्या हिशेबाने सांगायचं तर या सायकलीला सुरुवातच दुसऱ्या गिअरपासून आहे. पायडल दाबावं तर मांडी थरथरते, नाही दाबावं तर सायकल मागे सरते. त्यात डांबर उखडून खडी वर आलेली. मागचं चाक जागच्या जागी फिरलं आणि पाय टेकला. बिब्याचं झाड अजून दोनशे पावलं लांब होतं.

उरलेला चढ सायकल ढकलत गेलो. याडीने घोडीला चारी बाजूंनी पाहिलं. "हिचे टायर काहून वाळलेत? खायला न्हाई का घालत?"

१९ डिसेंबर, गुरुवार

आज बैल. अंगात एवढा जोर होता की पहाटेच निघालो.

सपाटीवर याची चाल म्हणजे मुक्कामी गाडीची चाल. टायर रस्त्याला चिकटून गुंई आवाज करतात. वैतागलो. पण चढ लागला, पहिला गिअर टाकला आणि मी मोठ्याने "वा!" म्हणालो. पायडल लोण्यासारखं फिरतं. खडी आली तरी चाक धरून चालतं. सायकल हळू चालते म्हणजे किती हळू, तर शेळ्या मला ओलांडून गेल्या. पण चढत होती!

मग मी गाढवपणा केला. दुसऱ्या वळणावर गिअर बदलायचा होता. सायकलला क्लच नसतो हे मला माहीत आहे, माझ्या डाव्या पायाला माहीत नाही. गिअरचा खटका दाबला आणि डावा पाय सवयीने सगळ्या ताकदीने खाली गेला. खाडकन चेन तुटली.

पुढे ढकलत नेली. बिब्याच्या बुंध्याशी दगडावर पाण्याचं गाडगं होतं, वर पळसाचं पान झाकलेलं. पाणी गार, ताजं भरलेलं. शेळ्या वळणाऱ्यांपैकी कोणीतरी ठेवलं असणार. देव त्यांचं भलं करो, सगळं पिऊन टाकलं.

तांड्यावर याडी घरी नव्हती. थोड्या वेळाने धापा टाकत आली. कुठे गेली होतीस विचारलं तर म्हणाली, "काडक्या येचाया." हातात एकही काडकी नव्हती.

२७ डिसेंबर, शुक्रवार

डेपोत दोन पार्ट्या पडल्या आहेत. ड्रायव्हर लोक बैलाच्या बाजूने, कंडक्टर लोक घोडीच्या. कँटीनमध्ये आज एवढा गलका झाला की साहेब बघायला आले आणि स्वतःच वादात उतरले. साहेबांचं म्हणणं, वजन कमी म्हणजे चढ सोपा. वैजनाथ म्हणाला, "साहेब, बराबर हाय, पन वजन सायकलचं न्हाई, राठोडचं कमी कराय लागन."

मी ऐकून घेतलं. काल घोडीवरूनही पुन्हा जाऊन आलो होतो. बिब्यापर्यंत पोचलो, पण डोळ्यांपुढे काजवे. गाडगं तिथे होतंच.

खरं सांगायचं तर मला घोडीचा मोह सुटत नाही. तिच्यावर बसलं की मी तिशीतला होतो. पण अट तिशीतल्याने पाळायची नाही.

५ जानेवारी २०२५, रविवार

निकाल लागला!

विश्वजीतला म्हणालो, "हे बघ, चढ ताकदीवर चढत नाही, गिअरवर चढतो. एकतीस वर्षं हेच केलं. मला गिअर बैलाचे पाहिजेत आणि चाल घोडीची." मला वाटलं हसेल. तो म्हणाला, "काका, होतंय की."

त्याने बैलाचे जाड खुरवाले टायर काढले आणि सडपातळ, गुळगुळीत टायर चढवले, हवा टणक भरली. पुढचा शॉकअप लॉक केला. पायडल मारताना तो खाली-वर हलतो आणि त्यात जोर वाया जातो, हे मला कळलंच नव्हतं. बंडोपंतही चष्मा लावून बघायला आले. मी शॉकअप दाबून पाहिला, दगडासारखा घट्ट. टाळीच वाजवली.

मग मी म्हणालो, मागे कॅरियर बसव. "डोंगराच्या सायकलला कॅरियर? वजन वाढेल ना काका." वाढू दे. याडी येईल तेव्हा तिचं गाठोडं कशावर ठेवायचं? आणि एक मोठी पितळी घंटी लावून घेतली. घंटीशिवाय गाडी हलवायची सवयच नाही. एक घंटी म्हणजे थांबा, दोन घंट्या म्हणजे चला. आता फाट्यावर चढ सुरू करताना मीच दोन घंट्या देतो आणि मीच निघतो.

घोडी परत दिली. दुकानातून बाहेर पडताना तिच्याकडे एकदा वळून पाहिलं, हे शिलाला सांगायचं नाही.

१६ जानेवारी, गुरुवार

झालं नाही. दोन आठवड्यांत चार वेळा गेलो, बिब्याच्या पुढे पन्नास पावलांवर दम संपतो. तिसरं वळण भिंतीसारखं उभं आहे.

आज तिथेच बसलो होतो तर तांड्यावरची शालूबाई सरपण घेऊन आली. म्हातारी आहे, याडीच्या बरोबरीची. बोलता बोलता म्हणाली, "मोहनसिंग, तुही याडी दर बेस्तरवारी सक्काळीच खाली येते. या गुडघ्यानं काहून येते, इचारलं तं सांगत न्हाई. तिला सांभाळ बापू."

मग तीच पुढे म्हणाली, "त्या दिशी बी आमी इथंच हुतो. आमी म्हनलं, चला पायी, गाडी भरून येते. तं तुही याडी म्हने, माह्या लेकाची गाडी हाय, मी हात केला की थांबते. आमाला रांगेत उभं केलं व्हतं तिनं."

हे मला माहीत नव्हतं. पण माहीत असतं तरी मी काय करणार होतो? गाडी भरलेली होती. चढ होता. साहेब होते. घरी येऊन शिलाला सांगितलं तर तिने ताट माझ्यापुढे सरकवलं आणि मान फिरवली. मला राग आला. जेवलो नाही.

२३ जानेवारी, गुरुवार

मन लागत नव्हतं म्हणून लिहिलं नाही. आज गेलो. दम राखत, शंभरापर्यंत मोजत, पुन्हा एकपासून. बिबा कधी मागे गेला कळलं नाही! तिसऱ्या वळणाच्या तोंडाशी पाय टेकला. आनंदाने ओरडलो तर खालच्या हळदीच्या शेतातली माणसं वर बघायला लागली.

वजन सहा किलो उतरलं आहे. पट्ट्याला नवीन भोक पाडलं.

३० जानेवारी, गुरुवार

तिसरं वळण पार! तांड्याच्या हापशापाशी पाय टेकला. याडीचं दार तिथून शंभर पावलं. शंभर पावलं फक्त!

याडी दारात उभी राहून बघत होती. मी ओरडलो, "पुढच्या गुरुवारी येतो बघ थेट दारात. गाठोडं बांधून ठेव!"

ती म्हणाली, "बांधलेलं हाय." चेष्टा करायची तिची सवय जुनी आहे.

५ फेब्रुवारी, बुधवार

चेनला तेल घातलं. हवा बघितली. शिलाने पुढची खोली सारवल्यासारखी स्वच्छ पुसून काढली आणि याडीसाठी खिडकीखाली पलंग लावला. म्हटलं, अजून जिंकलो कुठे? म्हणाली, "तुमी निस्तं जा हो." वैजनाथचा फोन आला की उद्या अख्खा डेपो फोनकडे कान लावून बसणार आहे. छाती धडधडते, पण ही धडधड आजाराची नाही.

६ फेब्रुवारी, गुरुवार

हरलो. पाय टेकला. दुपारीच लिहायला बसलो आहे, कारण सगळं विसरायच्या आत उतरवायचं आहे.

आजच्यासारखा चढ आयुष्यात चढलो नव्हतो. फाट्यावर दोन घंट्या दिल्या आणि निघालो. पहिलं वळण खेळत पार केलं. गिअर बदलताना डावा पाय शहाण्यासारखा हलका झाला. दुसरं वळण. श्वास घड्याळासारखा. अंगात एवढी ताकद शिल्लक होती की मला ठाऊकच होतं, आज दार गाठणार. मी गुणगुणत होतो!

बिब्याच्या झाडाखाली कोणीतरी बाई उभी होती. लाल फेटियाचा घागरा, डोक्यावरून ओढणी. उन्हाची तिरीप डोळ्यांवर होती, चेहरा दिसला नाही. तिने हात केला.

डोक्याने काही ठरवलं नाही. बाईने हात केला आणि माझी बोटं ब्रेकवर गेली. ऐन चढावर सायकल उभी राहिली, डावा पाय खाली टेकला. टेकल्यावर कळलं की काय केलं. आणि मग कळलं की ती याडी आहे.

"याडी! काय केलंस हे! आज मी आलो असतो ना वर!"

 तिच्या पायाशी एक गाठोडं होतं, त्यावर पाण्याचं गाडगं. तिने पळसाचं पान काढलं आणि गाडगं माझ्या हातात दिलं.  दीड महिना मी त्या शेळ्या वळणाऱ्यांना दुवा देत होतो.

"पी," ती म्हणाली. मी प्यायलो.

"थांबलास या बारीला."

"सवय हाय याडी. हात दिसला की गाडी थांबते."

"तवा कुठं गेल्ती सवय?"

अकरा वर्षं माझ्याकडे या प्रश्नाची उत्तरं तयार होती. गाडी भरलेली, चढ, साहेब.  मी म्हणालो, "याडी, चुकलो मी. थांबाय पाहिजे व्हतं." आणि रस्त्यातच मला रडू फुटलं. छप्पन्न वर्षांचा बाप्या सायकल धरून रडतो आहे. शेळ्यासुद्धा थबकल्या असतील.

तिने ओढणीच्या टोकाने माझं तोंड पुसलं, घामही आणि तेही. म्हणाली, "बास. लई उशीर झाला. गाठोडं उचल."

"पन अट? मी वर कुठं पोचलो?"

"अट माही व्हती. मी मोडली. वरी जाऊन काय करतो, घराला कुलूप घालून आले मी. शेळी शालूबाईला देली."

गाठोडं हलकंच होतं. वरच्या घडीवर धूळ बसलेली, कित्येक दिवस बांधून ठेवलेल्या कपड्यांवर बसते तशी. मी ते कॅरियरवर ठेवून दोरीने आवळलं. मग प्रश्न पडला की तिला कुठे बसवायचं. या उतारावर अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई मागे बसवून मी सायकल सोडणार नाही, ड्रायव्हर आहे मी. ती म्हणाली, "मी चालते. आपले लोक लदेणीला जायचे, तवा बैलावर माल आन् मानसं पायी." मालाच्या गोण्या लादलेले बैल घेऊन तिचे आजे-पणजे याच टेकडीवरून गेले असतील. मी सायकलचं तोंड खालच्या बाजूला वळवलं. फाट्यावर साडेनऊची बस येणार होती, त्यात बसू म्हणालो. अकरा वर्षांत ती एसटीत बसली नव्हती. नको म्हणेल असं वाटलं, पण तिने मानेनेच हो म्हटलं.

मी ब्रेक धरून उभा होतो, ती पुढे होईल म्हणून. ती जागची हलेना. हँडलवरच्या पितळी घंटीकडे बघत होती.

"काय झालं?" मी विचारलं.

तिने हात पुढे केला, अंगठ्याने घंटी दोनदा वाजवली आणि म्हणाली, "चला ड्रायव्हर."

मी ब्रेक सोडला.